भाषा शिकायला बारावी कशाला?

विद्यापीठाच्या भाषावर्गात प्रवेश मागायला गेलेल्या माणसाकडून बारावीची गुणपत्रिका मागतात, शाळा सोडल्याचा दाखला मागतात, स्थलांतर प्रमाणपत्र मागतात. मधली वर्षं रिकामी दिसली तर त्या वर्षांचं प्रतिज्ञापत्र मागतात. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत, आणि आता या सगळ्याच्या वर क्रेडिट बँकेचा आयडी. एवढी कागदपत्रं तपासून आत घेतलेला विद्यार्थी वर्षाअखेरीस प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडतो, तेव्हा त्याला ती भाषा येते का, हे मात्र कुणी तपासत नाही.

मी बरीच वर्षं एका विद्यापीठाच्या भाषा विभागात तासिका तत्त्वावर शिकवलं. प्रवेशाच्या खिडकीवर कोण परत गेलं आणि निकालाच्या यादीत कोण वर आलं, हे दोन्ही जवळून पाहिलं. त्यावरून माझं ठाम मत झालं आहे की आपल्या विद्यापीठांचे भाषाविषयक नियम शिकू पाहणाऱ्याला अडवतात आणि न शिकलेल्याला उत्तीर्ण करतात. हे नियम दुरुस्त करून भागणार नाही, ते मुळातून बदलले पाहिजेत.

आमच्याकडे मोडी आणि जुन्या मराठीचा प्रमाणपत्र वर्ग होता. एका वर्षी तलाठी म्हणून निवृत्त झालेले एक काका अर्ज घेऊन आले. उभं आयुष्य सातबारे लिहिण्यात आणि फेरफार नोंदवण्यात गेलेलं. गावातल्या जुन्या घरांमधून मोडी कागदांची गाठोडी लोक त्यांच्यासमोर आणून टाकत आणि ती वाचता येत नाहीत, याची त्यांना मनापासून खंत होती. शिक्षण जुनी अकरावी मॅट्रिक. त्यांच्या पिढीला शाळा अकरावीलाच संपत होती, बारावी नावाची इयत्ताच नव्हती. दहावी-बारावीचा आकृतिबंध महाराष्ट्रात १९७०च्या दशकात आला. पण आमच्या ऑनलाइन अर्जात बारावीचा बैठक क्रमांक भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. खिडकीवरचा मुलगा म्हणाला, "काका, बारावी नसेल तर सिस्टिम घेत नाही." मी कार्यालयात जाऊन भांडले. "मॅडम, अपवाद केला की ऑडिटला अडचण येते," एवढंच उत्तर मिळालं. काका अर्जाची घडी घालून निघून गेले. त्या वर्षी त्या वर्गात जे बसले, त्यातले निम्मे परीक्षेपुरती बाराखडी पाठ करून गेले आणि पुन्हा कधी मोडीकडे वळले नाहीत.

पुढे २०२३च्या अखेरीस कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला, आणि मोडी वाचणारी माणसं हवीत म्हणून सरकारी यंत्रणेची धावपळ झाली. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत, ते वाचणारे मोजके. ज्या राज्याला मोडीवाचकांची इतकी गरज आहे, त्या राज्यातलं विद्यापीठ मोडी शिकायला आलेल्या निवृत्त तलाठ्याला बारावी नाही म्हणून परत पाठवतं. याला मी निर्बुद्धपणा म्हणते. मोडी वाचायला बारावीतलं काय लागतं? भौतिकशास्त्र? चिटणीसाची कार्यपद्धती? मराठी वाचता येणं आणि चिकाटी, या दोनच गोष्टी लागतात, आणि त्या दोन्ही त्या माणसापाशी होत्या.

पात्रतेची ही अट भाषेच्या पहिल्या पायरीला लावण्यामागे शैक्षणिक कारण एकही नाही. एम. ए. करायला आधी बी. ए. हवं, हे मला मान्य आहे. तिथे एक पायरी दुसरीवर उभी असते. पण जर्मनची, कन्नडची, उर्दूची मुळाक्षरं शिकायला बारावी पास माणूस आणि आठवी पास माणूस एकाच जागेवरून सुरुवात करतात. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केलेल्या मुलाकडे हेच लोक समकक्षता प्रमाणपत्र मागतात. तीन वर्षं यंत्रांच्या आकृत्या काढणारा मुलगा जपानी शिकण्यापुरता बारावीच्या बरोबरीचा आहे, हे दुसऱ्या कार्यालयातून लिहून आणायचं! तो आणत नाही. तो खासगी क्लास लावतो आणि विद्यापीठाला कायमचा रामराम करतो.

आत आल्यावर ७५ टक्के हजेरीचा नियम भेटतो. आमच्या जर्मनच्या वर्गात एका रुग्णालयातली परिचारिका होती. आठवड्याला पाळी बदलायची. कधी सकाळ, कधी दुपार, कधी रात्र. वर्ग मात्र रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी. बुडालेले तास तिने घरी बसून भरून काढले, ध्वनिफिती ऐकल्या, रात्रपाळीच्या निवांत वेळात व्याकरण केलं. वर्गात रोज हजर असणाऱ्या बहुतेकांपेक्षा तिचं जर्मन पक्कं होतं, हे मी शिकवणारी म्हणून सांगते. सत्राअखेरीस तिची टर्म मंजूर झाली नाही, परीक्षेचा अर्ज रोखला गेला. त्याच वर्षी एका मुलाची हजेरी पूर्ण भरली होती. तो मागच्या बाकावर बसून मोबाईल बघायचा. तो परीक्षेला बसला, पास झाला, प्रमाणपत्र घेऊन गेला.

हजेरीचा नियम भाषा शिकण्यासाठी आवश्यक आहे, असं सांगणाऱ्यांनी जगातल्या मान्यवर भाषापरीक्षांकडे एकदा बघावं. पुण्या-मुंबईतल्या मॅक्स म्युलर भवनात जर्मनची परीक्षा द्यायला तिथल्याच वर्गात बसलं पाहिजे, असं बंधन नाही. कुठेही शिका, घरी शिका, या आणि परीक्षा द्या. वाचणं, ऐकणं, लिहिणं आणि बोलणं, चारही तपासतात, आणि येत नसेल तर नापास करतात. जपानीची जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. तिला वयाची अट नाही, शिक्षणाची नाही, हजेरीची नाही. या परीक्षांची प्रमाणपत्रं जगभर चालतात. आणि कागदपत्रांची एवढी छाननी करून दिलेलं आपल्या विद्यापीठाचं प्रमाणपत्र दाखवलं, की कंपनीतला माणूस शांतपणे विचारतो, "ते ठीक आहे, पण जर्मनची बी१ पातळी झालीय का?" विद्यापीठाच्या शिक्क्याची किंमत इतकी उतरली, ती शिकवणाऱ्यांमुळे उतरली नाही. काय येतं ते तपासण्याऐवजी कुठे बसला होता ते मोजलं, म्हणून उतरली.

महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. १० हजार तरुणांचं उद्दिष्ट जाहीर झालं. परिचारिका म्हणून तिथे नोंदणी करायची तर साधारण बी२ पातळीचं जर्मन लागतं. म्हणजे शासनाला जर्मन येणाऱ्या परिचारिका हव्या आहेत आणि शासनाच्या अनुदानावर चालणारं विद्यापीठ जर्मन येणाऱ्या परिचारिकेला हजेरीसाठी परीक्षेबाहेर ठेवतं. या दोन गोष्टी एकाच राज्यात, एकाच खजिन्यातून चालतात, आणि याचा जाब विचारणारं कुणी नाही.

हे झालं स्वतःहून शिकायला येणाऱ्यांचं. ज्यांना भाषा सक्तीने घ्यावी लागते, त्यांच्या बाबतीत चित्र नेमकं उलटं आहे, आणि माझा खरा संताप तिथे आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२मध्ये पदवीचा नवा आराखडा दिला. तीन वर्षांच्या पदवीचे १२० क्रेडिट, त्यातले ८ क्षमतावर्धनाचे. इंग्रजी आणि आधुनिक भारतीय भाषा या ८ क्रेडिटांत बसवायच्या. सत्रागणिक दोन क्रेडिटचा पेपर. एक क्रेडिट म्हणजे १५ तास, तेव्हा दोन क्रेडिट म्हणजे ३० तास. सुट्ट्या, स्नेहसंमेलन, निवडणुकीची कामं, परीक्षांचे पहारे वजा केले की प्रत्यक्षात किती उरतात, हे कुठल्याही महाविद्यालयात जाऊन विचारा. जर्मनची अगदी पहिली पातळी, ए१, गाठायला ४५ मिनिटांचे ८० ते २०० तास लागतात असं जर्मन भाषा शिकवणारे सांगतात. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आपल्या अधिकाऱ्यांना हिंदी कामापुरती पक्की करायला ४४ आठवडे आणि ११०० तास धरते. आपण ३० तास देतो आणि त्याला क्षमतावर्धन म्हणतो.

कुणी म्हणेल, मराठी मुलाला मराठी शिकायला ११०० तास कशाला? बरोबर. त्याला बोलता येतंच. त्याला लागतं ते सलग तीन पानं लिहिता येणं, मुद्दा मांडता येणं, एखादा कायद्याचा किंवा शास्त्राचा मजकूर वाचून आपल्या शब्दांत सांगता येणं. अशी नेमकी गरज धरून ३० तास वापरले तर ते थोडेफार उपयोगी पडतील. पण पेपरात काय असतं? चार कविता, दोन पाठ, बातमीलेखनाचा नमुना, निवेदनाचा नमुना. मुलं पाठ्यपुस्तक विकत घेत नाहीत, अपेक्षित प्रश्नसंचाचा पीडीएफ वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर फिरतो. अंतर्गत गुण महाविद्यालयाच्या हातात. "अंतर्गतला कुणाला अडकवायचं नाही" हा आदेश तोंडी येतो, तो लेखी कधीच येत नाही. उरलेल्या गुणांसाठी नमुना उत्तर उतरवलं की ४० टक्के होतात. संपूर्ण पेपरात विद्यार्थ्याला तोंड उघडावं लागत नाही. भाषेची परीक्षा मुक्याने होते, आणि याचं कुणाला काही वाटत नाही. मी ही सरळसरळ फसवणूक समजते. मुलाला वाटतं आपल्याला येतं, आईबापांना वाटतं शिकवलं, विद्यापीठ म्हणतं क्रेडिट जमा झाले.

त्याच वर्गात सांगलीची मुलगी असते आणि तिच्या शेजारी मणिपूरहून आलेला मुलगा. दोघांना मराठीचा तोच पेपर, त्याच कविता. एकीला तो फार सोपा, दुसऱ्याला अशक्य. दोघंही पास होतात, म्हणजे दोघंही काही शिकत नाहीत. दिल्ली विद्यापीठाने हिंदीपुरती अ, ब, क अशी विभागणी केली, शाळेत कुठवर हिंदी शिकलात त्यावर. मुलगा किती इयत्ता हिंदी शिकला यावरून त्याला किती येतं हे कळत नाही, तरी निदान सगळ्यांना एका पेपरात कोंबणं चूक आहे, एवढं तरी त्यांनी मान्य केलं. महाराष्ट्रात ज्या महाविद्यालयांशी माझा संबंध आला, तिथे तेवढंही नव्हतं. तासाला पहिल्या दिवशी पाच मिनिटं प्रत्येकाशी बोललं तरी कुणाला कुठे बसवायचं ते समजतं. पण पाच मिनिटं बोलून ठरवण्याची मुभा नियमात नाही, आणि नियमात नाही ते करायला कुणी धजत नाही.

हा रोग महाविद्यालयात जन्मलेला नाही, खालून आलेला आहे. अकरावी-बारावीला दुसऱ्या भाषेच्या जागी माहिती तंत्रज्ञान घेता येतं, आणि शहरांतली हुशार म्हणवणारी मुलं ते घेतात, कारण गुण पडतात. भाषेला संगणक हा पर्याय ठेवणारी व्यवस्था भाषेकडे कशी पाहते, हे वेगळं सांगायला नको. शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा २०२०मध्ये झाला. एप्रिल २०२३मध्ये शासनानेच इतर मंडळांच्या शाळांना काही तुकड्यांपुरती सवलत दिली की मराठीला गुण नकोत, श्रेणी द्या, आणि ती एकूण निकालात धरू नका. सक्ती कागदावर ठेवायची आणि तिच्यातला अर्थ काढून घ्यायचा, ही रीत तिथेच ठरली. विद्यापीठं तीच पुढे चालवतात.

शिकवणाऱ्याबद्दलचे नियम याहून वेगळे नाहीत. सहायक प्राध्यापक व्हायला नेट, सेट किंवा पीएच. डी. लागते. नेटचे दोन्ही पेपर बहुपर्यायी. म्हणजे इतरांना बोलायला-लिहायला शिकवणारी व्यक्ती एकही वाक्य न बोलता, न लिहिता पात्र ठरते. आणि आयुष्यभर न्यायालयात दुभाष्याचं काम केलेली, कन्नडमधून मराठीत डझनभर पुस्तकं आणलेली व्यक्ती अपात्र. आयोगाने २०२२मध्ये अनुभवी व्यावसायिकांसाठी 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस'ची वाट काढली, पण तिलाही किमान १५ वर्षांचा, शक्यतो वरिष्ठ पदावरचा, अनुभव लागतो आणि भाषा विभागांनी ती वापरल्याचं मी तरी पाहिलं नाही. जे पात्र आहेत त्यांना तासावर राबवलं जातं. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात, तेही सत्र संपून महिने उलटल्यावर. वह्या तपासण्याचे नाहीत, तोंडी सरावाचे नाहीत, उन्हाळ्याचे तर नाहीतच. अशा शिक्षकाकडून प्रत्येक विद्यार्थ्याला दहा मिनिटं बोलतं करण्याची अपेक्षा ठेवणाऱ्यांनी आधी स्वतः त्या मानधनात एक वर्ष काढावं.

आणि किमान विद्यार्थीसंख्या. ठरावीक प्रवेश झाले नाहीत तर वर्ग सुरू करायचा नाही, हा नियम वाणिज्य शाखेच्या तुकडीसाठी समजू शकतो. तोच आकडा प्राकृतला, पालीला, फारसीला लावतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच दिवशी, त्याच निर्णयात पाली आणि प्राकृतलाही दिला. मराठीचा दावा मांडणाऱ्या रंगनाथ पठारे समितीने २०१३मध्ये अहवाल दिला होता, त्यात महाराष्ट्री प्राकृताचा आणि गाहा सत्तसईचा आधार होता. म्हणजे आपला अभिजातपणा आपण प्राकृताच्या खांद्यावर बसून सिद्ध केला. पेढे वाटले, मिरवणुका काढल्या, फलक लावले. आणि ते प्राकृत शिकायला चार मुलं आली तर त्यांना संख्या भरत नाही म्हणून परत पाठवायचं. मी अशा चार मुलांना परत जाताना पाहिलं आहे. त्यातली एक मुलगी गणिताची होती, तिला प्राकृतातले जैन गणितग्रंथ वाचायचे होते. तिच्यासारखी विद्यार्थिनी विद्यापीठाला पुन्हा कधी मिळणार आहे? प्राकृताला चाळीस विद्यार्थी कुठल्याच काळात मिळणार नाहीत. चार मिळाले तर चौघांना शिकवायचं, यासाठीच तर विद्यापीठ असतं. गर्दी जमवणारे अभ्यासक्रम चालवायला खासगी क्लास पुरेसे आहेत.

आधुनिक भारतीय भाषा म्हणताना आपण कुणाला धरतो, तेही बघा. महाविद्यालयं यादी करताना सहसा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपलीकडे जात नाहीत. गोंडी त्या यादीत नाही. २०११च्या जनगणनेत गोंडी बोलणारे देशात २९ लाखांहून अधिक नोंदले गेले, भिली एक कोटीच्या वर. गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, मेळघाटात कोरकू, नंदुरबारात भिली आणि पावरी या रोजच्या व्यवहाराच्या भाषा आहेत. तिथे नोकरीला जाणारा डॉक्टर, ग्रामसेवक, शिक्षक, पोलीस आपल्याच विद्यापीठांतून पदवी घेऊन जातो आणि समोरच्या बाईला कुठे दुखतंय हे विचारायला त्याला दुभाषा लागतो. त्याच्या पदवीतले भाषेचे क्रेडिट एखाद्या कविता-निवेदनाच्या पेपरात गेलेले असतात. माडिया बोलणारी मुलगी महाविद्यालयात मराठी शिकते, हिंदी शिकते, इंग्रजी शिकते. तिची भाषा शिकण्याची वेळ कुणावरच येत नाही. नियमाची यादी एका ओळीने वाढवली तर हे बदलू शकतं, पण त्या ओळीसाठी अभ्यास मंडळ लागतं, अभ्यास मंडळासाठी त्या विषयातले पदवीधर लागतात, आणि अभ्यासक्रमच नाही तर पदवीधर येणार कुठून? नियमांनी अशी कोंडी करून ठेवली आहे की गोंडीला आत येण्यासाठी ती आधीच आत असावी लागते.

या सगळ्याला जुना इतिहास आहे आणि तो विसरला गेला याचं मला वाईट वाटतं. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाने पहिल्या काही वर्षांतच मराठी, गुजराती, कन्नड या भाषा वरच्या परीक्षांतून बाहेर काढल्या आणि संस्कृत, लॅटिन, फारसी अशा भाषांना ती जागा दिली. देशी भाषांत वाचण्यासारखं आहे काय, हा त्या निर्णयामागचा तोरा होता. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या निर्णयाविरुद्ध अखेरपर्यंत झुंज दिली. १८९८मध्ये त्यांनी मराठी वाङ्मयाच्या वाढीवर टिपण लिहिलं, छापल्या गेलेल्या पुस्तकांचा हिशेब मांडला आणि या भाषेत अभ्यास करण्यासारखं पुष्कळ आहे हे दाखवून दिलं. जानेवारी १९०१मध्ये ते गेले, आणि मराठीला एम. ए.च्या परीक्षेत जागा मिळाली ती त्यांच्या या खटपटीमुळे. आज पुण्यात परकीय भाषांचे वर्ग रानडे इन्स्टिट्यूटमध्ये भरतात, कलिन्यात भाषा विभागांची इमारत रानडे भवन म्हणून ओळखली जाते. ज्याने भाषांसाठी विद्यापीठाचं दार उघडायला लावलं, त्याचं नाव आपण इमारतींना दिलं. तर निदान त्या इमारतींच्या दारात बारावीची गुणपत्रिका मागू नये, एवढी लाज आपल्याला असायला हवी.

आता दर्जाचा प्रश्न. पात्रतेची अट काढा म्हटलं की हे अस्त्र बाहेर येतं. "मग कुणीही येईल, दर्जा घसरेल." येऊ द्या की कुणीही! भाजीवाली येऊ दे, रिक्षावाला येऊ दे, आठवीतून शाळा सुटलेला शिंपी उर्दू वाचायला येऊ दे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९मध्ये नाशिकला सुरू झालं आणि शाळा सुटलेल्यांसाठी त्याने पूर्वतयारीचा अभ्यासक्रम काढून पदवीपर्यंतची वाट उघडली. त्यामुळे महाराष्ट्र बुडाला नाही. दर्जा राखायचा असतो तो प्रमाणपत्रावर सही करताना. ज्याला बोलता येत नाही, वाचता येत नाही, त्याला नापास करण्याची हिंमत दाखवा, म्हणजे दर्जा आपोआप राहील. ती हिंमत नसलेली माणसं दारात कागद तपासत बसतात आणि त्यालाच दर्जा म्हणतात.

हे आपल्याकडे जमणार नाही, असंही कुणी सांगू नये. मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागाने राज्य मराठी विकास संस्थेच्या साथीने अमराठी लोकांसाठी 'माय मराठी' हा अभ्यासक्रम तयार केला, युरोपातल्या भाषापातळ्यांच्या धर्तीवर. परकी भाषा शिकवण्याचं शास्त्र मराठीला लावून दाखवणारे लोक आपल्यातच आहेत. पुण्यात अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजच्या मराठी वर्गाला परदेशी विद्यार्थी येतात, त्यांची पातळी त्यांच्याशी बोलून ठरवली जाते. शिकागोच्या मुलाशी पुण्यात बसून मराठीत बोलून त्याची पातळी ठरते, आणि पुण्याच्या मुलाला त्याच शहरातल्या विद्यापीठात मराठीचे गुण मिळतात ते न बोलता. मराठीसाठी रिद्धपूरला स्वतंत्र विद्यापीठ झालं आहे. मराठीच्या पातळ्या ठरवून कुणालाही देता येईल अशी परीक्षा उभारण्याचं काम त्याने सगळ्यात आधी हाती घ्यावं. दुसरी कोणतीही इमारत, कोणताही उत्सव त्यानंतर.

मला काय हवं आहे ते स्पष्ट सांगते. भाषेच्या प्राथमिक प्रमाणपत्र वर्गासाठी शिक्षणाची कोणतीही अट नको, लिहिता-वाचता येणं पुरे. प्रवेशाच्या वेळी कागदांऐवजी छोटी चाचणी, आणि जो जिथे बसेल त्याला त्या पातळीवर बसवा. वर्गाला न आलेल्यालाही परीक्षेला बसू द्या. प्रत्येक भाषेच्या प्रत्येक परीक्षेत तोंडी परीक्षा, आणि ती बाहेरच्या परीक्षकाने घ्यायची. पदवीतल्या सक्तीच्या पेपरातही. ज्या भाषांना विद्यार्थी कमी येणार हे उघड आहे, त्यांना किमान संख्येची अट लावू नका. आणि त्या त्या जिल्ह्यातल्या आदिवासी भाषा क्षमतावर्धनाच्या यादीत घाला, शिकवायला त्या भाषेची जाणकार माणसं बोलवा, त्यांच्याकडे नेट असो वा नसो.

यातल्या बहुतेक गोष्टींसाठी आयोगाकडे किंवा मंत्रालयाकडे बोट दाखवता येणार नाही. प्रमाणपत्र अभ्यासक्रमाची पात्रता, वेळ, हजेरी, परीक्षेची पद्धत ही विद्यापीठंच ठरवतात. म्हणूनच तर ती विद्यापीठागणिक वेगळी दिसते. विद्या परिषदेवर बसलेल्या प्राध्यापकांनो, प्राचार्यांनो, पुढच्या बैठकीत हा विषय तुम्हीच मांडा, कारण खिडकीवरचा मुलगा तो मांडू शकत नाही आणि परत गेलेले काका तर नाहीच नाही. आणि वाचकांनो, तुमचा किंवा तुमच्या घरातल्या कुणाचा अर्ज अशा कारणावरून नाकारला गेला तर गप्प घरी येऊ नका. लेखी कारण मागा. माहितीच्या अधिकारात विचारा की बारावीची अट कोणत्या बैठकीत ठरली, ती कुणी मांडली आणि तिच्यासाठी काय कारण दिलं गेलं. हे नियम विधिमंडळात झालेले नाहीत. विद्यापीठाच्याच सभागृहात ठराव करून ते आले आहेत आणि तिथेच, तशाच एका ठरावाने, ते रद्द करता येतात.